क्रीडानंद व सविकल्प समाधी

साहित्यापासून मिळणारा आनंद नेमका कोणत्या जातीचा, या प्रश्नाचा आपल्या समीक्षेने जो दीर्घकाळ पाठपुरावा केला, त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आमच्या बडोद्यात घडला आहे. १९२१ साली येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःचे मीपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत प्रवेश करतो, आणि आपण आपणच आहोत ही जाणीव शिल्लक ठेवून क्षणभर दुसरेही होणे यातच वाङ्मयानंदाचे मर्म आहे, असा त्या कल्पनेचा आशय. तिच्यावर पुढे आक्षेप पुष्कळ घेतले गेले, व त्यांतील काही सयुक्तिकही होते. तरीसुद्धा शंभरांहून अधिक वर्षे लोटल्यानंतर ती कल्पना पुन्हा एकवार हाती घ्यावी असे मला वाटू लागले आहे. आणि तेही एखाद्या कादंबरीच्या वा नाटकाच्या निमित्ताने नव्हे, तर व्हिडिओ गेमच्या निमित्ताने.

हा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. शाळेच्या मुख्याध्यापकाच्या कपाटात विद्यार्थ्यांकडून काढून घेतलेले मोबाइल असावयाचे. त्या मोबाइलवर जे खेळले जाते त्याविषयी त्याने पालकसभेत चार कडक शब्द बोलावयाचे. अशीच सर्वसाधारण अपेक्षा असते. ते कपाट माझ्याही कार्यालयात आहे आणि ते चार शब्द मीही बोलतो. परंतु गेली तीसाहून अधिक वर्षे हे खेळ मी स्वतः आवडीने खेळत आलो आहे, आणि ज्या गोष्टीत आपण इतका काळ आनंद घेतला तिच्याविषयी केवळ शिस्तीच्या भाषेत बोलत राहणे हे एका प्रकारे अप्रामाणिकपणाचे होईल. आनंद घेतला असेल, तर तो कसला होता हेही सांगता आले पाहिजे. समीक्षेचा आरंभ याहून निराळा कोठे होतो?

शिवाय, खेळ हा शब्द आपल्या कलाविचाराला परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तीत देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते काव्य नव्हे वा उपदेशही नव्हे. ते मागतात एक खेळणे. डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असे ‘क्रीडनीयक’. नाट्यवेद ही या मागणीची पूर्तता आहे. म्हणजे दृश्य आणि श्राव्य असे खेळणे हीच जिच्या जन्माची कथा, त्या कलेचे शास्त्र आपण मोठ्या आदराने अभ्यासतो. आणि आज प्रत्यक्ष तसले खेळणे समोर आले असता त्याच्याकडे शास्त्रदृष्टीने पाहण्याचा आपल्याला संकोच वाटतो.

एक मर्यादा मात्र आरंभीच घालून घेतो. द्यूत आणि क्रीडा यांतील भेद आपल्याकडे फार जुना आहे. पैसे लावून खेळावयाचे जे ऑनलाइन खेळ बोकाळले होते, त्यांवर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. त्या खेळांचा येथे विचार नाही. तसेच खेळणाऱ्याचा वेळ शोषून घेणे हाच ज्यांचा एकमेव हेतू, अशा असंख्य मोबाइल खेळांचाही नाही. बाजारात रोज येणाऱ्या कादंबऱ्यांपैकी बहुसंख्य जशा समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतात, तशीच त्यांचीही गत समजावी.

पहिला खेळ ‘टेट्रिस’. मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणककेंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ साली रचला. ज्या यंत्रावर तो प्रथम चालला त्या ‘एलेक्ट्रोनिका ६०’ला चित्रे काढता येत नसत, म्हणून वरून पडणारे तुकडे कंसाच्या चिन्हांनी दाखवावे लागले. चार चौकोनांचा एक, असे सात आकाराचे तुकडे. ते फिरवावयाचे, एकमेकांत बसवावयाचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. आमच्या तरुणपणी याच खेळाच्या हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्रिका बाजारात सर्रास मिळत, आणि आगगाडीच्या रात्रीच्या प्रवासात ती यंत्रिका हाती असली की आणंद केव्हा आले आणि सुरत केव्हा गेली, याचा पत्ता लागत नसे.

या खेळात कथा नाही, पात्रे नाहीत, भावना नाहीत. मग आनंद कशाचा? येथे मला बा. सी. मर्ढेकरांचे स्मरण होते. कलाकृतीचे सौंदर्य लौकिक भावनांत नसून घटकांच्या लयबद्ध रचनेत असते, आणि ती लय संवाद, विरोध व समतोल या तीन तत्त्वांनी सिद्ध होते, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ चा. साहित्याला हा विचार पूर्णांशाने लागू पडत नाही, असे मला विद्यार्थिदशेपासून वाटत आले आहे. कारण शब्द आले की त्यांच्यामागून जीवन येतेच. परंतु ‘टेट्रिस’ला तो जसाच्या तसा लागू पडतो. मिळते आकार संवाद साधतात, न मिळणारे विरोध, आणि ओळ भरून नाहीशी होते तो समतोल. फरक इतकाच, की हा समतोल टिकू द्यावयाचा नाही असा खेळाचा नियमच आहे. या खेळात विजय नाही. किती वेळ हरलो नाही एवढाच हिशेब. (२०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १९८९ ची जुनी आवृत्ती अशा टोकास नेली की शेवटी यंत्रच थिजले. त्या मुलाचे मला मनापासून कौतुक वाटले आणि थोडे वाईटही वाटले.) असो. शुद्ध लयीचा आनंद म्हणून ‘टेट्रिस’चे स्थान निश्चित आहे, पण केळकरांच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही, कारण तेथे ज्याच्या भूमिकेत शिरावयाचे असा दुसरा कोणी नाहीच.

तो दुसरा मला भेटला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने रचलेला हा खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी संगणक शिकविणाऱ्या वर्गांतून तो आमच्यापर्यंत येऊन पोहोचला. कथा म्हणावी तर अगदी साधी. वजीर जाफरने राजकन्येस एका तासाची मुदत दिली आहे. तेवढ्या अवधीत तळघरातील कैदी नायकाने बारा पातळ्या ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचावयाचे. हा तास खराखुरा, घड्याळातील साठ मिनिटांचा असतो. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावावयास, उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले व त्यावरून नायकाच्या हालचाली उतरवल्या. म्हणून हा नायक उडी चुकली असता जसा लोंबकळतो, थांबताना जसा दोन पावले घसरतो, तसे मनुष्यच करील. त्याच्या देहाला वजन आहे. त्याला कड्यावरून पडताना पाहून आपल्या पोटात खड्डा पडतो तो त्या वजनामुळे. सविकल्प समाधीची पहिली पायरी ही अशी शरीरातून चढली जाते.

पण या खेळाचे खरे मर्म त्याच्या छायेत आहे. चौथ्या पातळीच्या शेवटी वाट अडवून एक आरसा उभा असतो. नायकाने धावत येऊन त्यातून उडी घेतली, की त्याच क्षणी त्याची छाया आरशाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून निघून जाते. पुढे ती छाया नायकाचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडासमोर दार बंद करून त्याला खाली पाडते, आणि बाराव्या पातळीवर तलवार उपसून उभी राहते. आजवर प्रत्येक शत्रूला मारूनच पुढे आलेला खेळणारा तिच्यावरही वार करतो. आणि वार छायेला लागला की जीव आपला कमी होतो. उपाय एकच. तलवार म्यान करावयाची. मग छायाही म्यान करते, दोघे एकमेकांकडे चालत जातात व एक होतात. हा प्रसंग कसा सुचला याची हकीकतही मोठी उद्बोधक आहे. संगणकाच्या स्मृतीत नव्या शत्रूचे चित्र ठेवण्यास जागाच उरली नव्हती; तेव्हा नायकाच्याच चित्राची किंचित सरकवलेली प्रत वापरून ही छाया घडविण्यात आली. जागेच्या टंचाईतून अद्वैत निघाले, असे म्हटल्यास विनोद होईल. पण वृत्ताच्या बंधनातून कवीला एखादी अपूर्व कल्पना सुचते, त्यातलाच हा प्रकार आहे.

तलवार म्यान करण्याचा तो क्षण मी अनेकदा आठवून पाहिला आहे. एखाद्या कादंबरीत हेच लिहिले असते, तर नायकास झालेला बोध मी समजून घेतला असता. येथे बोध नायकास होत नाही. त्या चिमुकल्या आकृतीला मन आहेच कोठे? बोध होतो तो खेळणाऱ्यास. आणि तो झाल्याचा पुरावा म्हणजे त्याचे बोट एका निराळ्या कळेवर जाते. केळकरांच्या समाधीत वाचकाचा विकल्प, म्हणजे आपण आपणच आहोत ही जाणीव, साक्षीरूपाने राहते. खेळात ती जाणीव बोटांत उतरते व कृती करू लागते. हा फरक लहान नाही. तो किती दूरवर नेतो हे मला ‘पेपर्स, प्लीज’ या खेळात उमगले, आणि या लेखाचे प्रयोजन मुख्यतः तोच खेळ आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या मोक्षपटाचा उल्लेख करावयास हवा. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या पटावर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. खेळाने नीती शिकवावी ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. पण कवड्यांचे दान पडेल त्या घरात जावे लागते. खेळणारा पाप करीत नाही. तो पापाच्या घरात जाऊन पडतो. दैवाचे दर्शन म्हणून मोक्षपट अप्रतिम आहे, मात्र कर्माचे दर्शन त्यात होऊ शकत नाही.

‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ जपानात राहणाऱ्या ल्युकस पोप या अमेरिकन रचनाकाराने २०१३ साली प्रसिद्ध केला. विमानतळांवर अधिकारी ज्या तऱ्हेने कागदपत्रे तपासतात ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आर्स्टोट्झ्का नावाचे एक कल्पित, कडक राजवटीचे राष्ट्र, वर्ष १९८२, शेजारच्या राष्ट्राशी चाललेले सहा वर्षांचे युद्ध नुकतेच संपलेले. सरकारी सोडतीत तुमचे नाव निघते आणि सीमेवरील तपासनाक्यावर तुमची नेमणूक होते. समोर खिडकी, खिडकीपुढे एकामागून एक येणारी माणसे, मेजावर त्यांचे कागद, आणि तुमच्या हाताशी दोन शिक्के: हिरवा आणि लाल. पासपोर्टवरील तारीख, छायाचित्र, परवान्यावरील क्रमांक, सारे ताडून पाहावयाचे. नियम दर दिवसाआड बदलतात व वाढतात. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच नाणी मिळतात. दिवसातील पहिल्या दोन चुकांस ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेगडी यांचा हिशेब समोर येतो. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरले नाहीत तर कोणीतरी आजारी पडते.

एवढ्याच सामग्रीवर हा खेळ उभा आहे. रंग मळकट, चेहरे ओबडधोबड, संगीत म्हणजे आरंभीची एक जड पावलांची कवायती धून. मला तो प्रथमपासूनच परिचित वाटला. रबरी शिक्का, शाईची गादी, दाखल्यावरील जन्मतारीख आणि अर्जावरील जन्मतारीख यांचा मेळ, खिडकीपाशी अवघडून उभा असलेला पालक. मुख्याध्यापकाचा जूनमधील दिवस याहून फार निराळा नसतो. कागद अपुरा आहे म्हणून परत पाठविण्यात जो एक कोरडा, नियमबद्ध समाधानाचा अंश असतो, तो या खेळाने अचूक पकडला आहे. त्या समाधानाचे वर्णन मी कोणत्याही साहित्यकृतीत इतक्या नेमकेपणाने वाचलेले नाही.

पहिल्या काही दिवसांतच एक मनुष्य खिडकीशी येतो. त्याचे कागद व्यवस्थित असतात. जाताना तो विनवतो, की माझ्यामागे माझी पत्नी उभी आहे, तिच्याशी चांगले वागा. ती येते. तिच्याजवळ प्रवेशपरवाना नसतो. परत गेले तर मला मारून टाकतील, असे ती सांगते. त्या दिवशी माझ्या दोन्ही ताकिदी होऊन गेल्या होत्या आणि घरी मुलगा आजारी होता. मी लाल शिक्का मारला. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. यंत्राने कोणतीही तक्रार केली नाही. ती निघून गेली आणि मी पुढच्या माणसास बोलाविले. त्यानंतर मला जे वाटले त्याला रसशास्त्रात नाव शोधू लागलो, तेव्हा अडचण ध्यानात आली.

ते करुण नव्हते. करुणात आपण दुसऱ्याच्या दुःखाने द्रवतो, आणि त्या द्रवण्यात आपल्या सहृदयतेची एक सुखद जाणीवही मिसळलेली असते. येथे सुखद असे काही नव्हते. मला लाज वाटली. व्रीडा हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे खरा, पण तो पात्राच्या ठिकाणी असावयाचा. प्रेक्षक त्याचा आस्वाद घेतो, स्वतः लज्जित होत नाही. मॅकबेथ झोपलेल्या राजाचा खून करतो तेव्हा आपण हादरतो, भितो, त्याच्या विनाशाने व्याकूळही होतो. पण नाट्यगृहातून बाहेर पडताना आपल्या हाताला रक्त लागले आहे असे कोणा प्रेक्षकास वाटत नाही. वाटावे अशी अपेक्षाही नसते. कारण प्रेक्षकाने काही केलेले नाही. खेळणाऱ्याने केलेले असते. ती स्त्री कल्पित होती. शिक्का मारण्याचा माझा निर्णय कल्पित नव्हता. सविकल्प समाधीत आजवर ‘दुसऱ्याचे ते माझे’ एवढाच व्यवहार होता. येथे ‘माझे ते माझेच’ उरते, आणि समाधी मात्र मोडत नाही.

या ठिकाणी एका विख्यात आक्षेपाचा विचार केला पाहिजे. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांचे म्हणणे असे, की श्रेष्ठ साहित्यात व चित्रपटात सारे सूत्र लेखकाच्या हाती असते. खेळात निवड खेळणाऱ्याच्या हाती जाते, म्हणून खेळ कधीही कला होऊ शकणार नाही. २०१० मध्ये त्यांनी हे मत पुन्हा ठासून मांडले, आणि त्यावर वादळ उठल्यावर, स्वतः खेळल्यावाचून आपण बोलावयास नको होते, असे त्याच वर्षी मोकळेपणाने लिहिले. आक्षेपाची धार मात्र त्यामुळे बोथट होत नाही. त्याला उत्तर ‘पेपर्स, प्लीज’मध्ये आहे, असे मला वाटते. पोप यांनी निवड माझ्यावर सोडली, परंतु प्रत्येक निवडीचे मोल त्यांनी ठरविले: पाच नाणी, दोन ताकिदी, एका रात्रीची शेगडी. मी दयाळू व्हावे की नाही हे त्यांनी लिहिले नाही. दया किती महाग पडेल, हे लिहिले. हे लेखकाचे सूत्रच होय. फक्त ते वाक्यांत नसून हिशेबात आहे.

आता दुसरी बाजू. खेळ संपल्यावर मी तो पुन्हा आरंभापासून खेळलो. त्याला वीस निरनिराळे शेवट आहेत, त्यामुळे तसा मोह होतोच. या खेपेस मी त्या स्त्रीला आत सोडले. पण का सोडले? काय होते ते पाहावे म्हणून. लाज गेली होती, दयाही गेली होती. उरले होते कुतूहल. चांगली कादंबरी दुसऱ्या वाचनात खोल जाते. हा खेळ दुसऱ्या खेळण्यात उथळ झाला. आपण केलेले पुसून पुन्हा करता येते हे एकदा हाताला कळले, की त्या करण्याचे वजन उतरते. विकल्प राहतो, समाधी जाते. शिवाय त्या स्त्रीला दोन वाक्यांपलीकडे काही नाही. तिचे नाव पासपोर्टवर होते, ते मी तपासले, आणि आज मला ते आठवत नाही. कादंबरीकाराने तिला बालपण दिले असते, एखादी सवय दिली असती. खेळाने तिला केवळ एक अपुरा कागद दिला. तेव्हा साहित्याची जागा हे खेळ घेतील, अशी भीती बाळगणाऱ्यांनी निश्चिंत असावे. आणि तशी आशा बाळगणाऱ्यांनी थोडे थांबावे.

तरी पण जो अनुभव एकदाच आला, तो आला नव्हता असे होत नाही. त्याच्यासाठी आपल्या समीक्षेत संज्ञा हवी. ‘रसिक’ हा शब्द पुरत नाही, कारण रसिक पाहतो. मला संतवाङ्मयातील ‘खेळिया’ हा शब्द सुचतो. हमामा, विटीदांडू, चेंडूफळी या खेळांवर तुकोबांचे अभंग आहेत, व त्या अभंगांतला खेळ बाजूला बसून पाहण्याचा नव्हे. डावात उतरण्याचा आहे. डाव कोणावर आला, कोण चुकला, कोण बाहेर पडला, याचा तेथे परमार्थाशी संबंध लागतो. खेळिया हा करणारा आणि भोगणारा एकच. आधुनिक समीक्षेने हा शब्द उचलला, तर त्यात उसने घेतल्यासारखे काही होणार नाही.

गेल्या वर्षी एका मोकळ्या तासाला दहावीच्या वर्गात मी हा प्रसंग संगणकाशिवाय, केवळ तोंडी सांगितला आणि शिक्का कोणता मारावा असे विचारले. एरवी धड्यातील लेखकाचा हेतू विचारला असता फळ्याकडे पाहणारी मुले हमरीतुमरीवर आली. एकाने विचारले, त्या दिवशी ताकिदी किती झाल्या होत्या. दुसऱ्याने, मुलाच्या औषधाला किती लागतात. अर्धा वर्ग हिरव्याच्या बाजूचा, अर्धा लाल. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. “सर, तिचा नवरा तर आत गेलाय ना? मग त्याला परत बाहेर तिच्याकडे जाता येतं का?”

खेळात तशी सोय नाही, असे मी तिला सांगितले.